लाल दोऱ्याची बाटली

रामटेकेकाकांच्या सदऱ्याच्या खिशात कायम लाल दोऱ्याचं रीळ असे. पेन नसलं तर ते कुणाचंही मागून घेत, चष्मा विसरला तर डोळे बारीक करून काम भागवत. पण रीळ विसरलं तर येरवड्याला घरी परत जाऊन घेऊन येत. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका काचेच्या बाटलीच्या गळ्याला दोरा बांधत होते. दोन वेढे, एक गाठ, आणि खिळ्याला टांगलेल्या छोट्या कात्रीने टोकं सारखी केलेली. मी एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी ते काम करत त्या प्रयोगशाळेत नुकतीच आले होते आणि बुवाबाजीविरोधी पत्रकं वाचत लहानाची मोठी झाले होते. मला राहवलं नाही.

"काका, प्रयोगशाळेत गंडेदोरे?"

त्यांनी मान वर केली नाही. "हो ना बाप्पा. मांत्रिक हाओ मी. ह्या बाटलीत भूत हाये."

"कसलं भूत?"

"हिच्यात मॅग्नेशियम नाई. थेच भूत."

आमच्या प्रयोगशाळेत उंदराच्या मेंदूचे पातळ काप काढून ते खारट द्रावणात जिवंत ठेवत. द्रावणात सतत प्राणवायू सोडलेला असे. मग केसाहून बारीक काचेची सुई कापात घालून चेतापेशी एकमेकींशी काय बोलतात ते पडद्यावर बघायचं आणि स्पीकरवर ऐकायचं. द्रावणं दोन प्रकारची. एक साधं, मेंदूभोवती असतं तसं. दुसऱ्यात मॅग्नेशियम मुद्दाम वगळलेलं. अपस्माराचा अभ्यास करायचा असेल तेव्हा ते वापरत. दोन्ही दिसायला नळाच्या पाण्यासारखी, वास नाही, रंग नाही. हात ओले असोत, घाई असो, चिठ्ठी निघून गेलेली असो, लाल दोरा दिसला की हात थांबायचा. तीस वर्षांत त्या खोलीत एकदाही चुकीची बाटली उचलली गेली नव्हती. ही तीस वर्षं लक्षात ठेवा, पुढे लागतील.

चेतापेशी मी पुस्तकातून पाठ केली होती. समजली ती काकांकडून, चहाच्या वेळी, उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसून. त्यांनी दोन्ही तळहात समोरासमोर धरले, मध्ये बोटभर अंतर ठेवलं.

"ह्या दोघी एकमेकींले शिवत नाईत. मधात फट असते. आमच्या गावात आमचा मोहल्ला अन् बाकीचं गाव होतं ना, तसं." मग स्वतःच हसले. "फरक इतकाच, की ह्या शिवत नाईत तरी बोलतात."

"कशा?"

"पयली पेशी ग्लुटामेट नावाचं रसायन सोडते. थे फट ओलांडून दुसरीच्या दारावर जाते. दार उघडते, आत थोडी वीज शिरते, अन् थे पेशी थोडी जागी होते. थोडीच हां. एका हाकेनं कोणी उठत नाई. पाच-पंचवीस हाका एकदम आल्या, का मंग थे उठते अन् पुढचीले हाक मारते. हुकूम नाई हा, पोरी. विनंती हाये. आयकणारी मोजून पाह्यते, कितीजणी म्हणून राह्यल्या."

मी म्हटलं, "मग एका पत्रकाने काहीच होत नाही म्हणा ना."

आमच्या वारज्याच्या घरात पत्रकांचे गठ्ठे असत. बाबा कारखान्यात युनियनचं काम करत, पत्रकं स्वतः लिहीत आणि बुधवार पेठेतल्या एका छोट्या छापखान्यात उभे राहून छापून घेत. अक्षरओळख मला 'कामगार बंधूंनो' या शब्दांवरून झाली होती. हे काकांना माहीत होतं.

"एका पत्रकानं थोडं होते," ते म्हणाले. "थोडं म्हंजे काहीच नाई असं नाई. पण अजून एक दार असते, थे सांगायचं राह्यलं." त्यांनी उजव्या मुठीत डाव्या हाताचा अंगठा खुपसला. "ह्या दाराच्या तोंडात मॅग्नेशियमचा बोळा असते. बाहेरून हाक आली तरी निसती हाक कामाची नाई. आतली पयलेच उठून बसली असली, तवाच बोळा निघते. बाहेरून हाक अन् आतून जाग, दोन्ही एकाच वेळी. मंग जे आत जाते ना, थे पेशी विसरत नाई."

"आणि बोळाच नसला तर?"

"तर दार सताड उघडं. एक कुजबुजली का साऱ्या बोंबलतात. मिरगी येते मेंदूले. बोळा पाह्यजेच. पण निघाला बी पाह्यजे."

हे सांगणारा माणूस मॅट्रिक होता. वर्धा जिल्ह्यातलं गाव, वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतलेली. पुण्यात आले ते काचसामान धुण्याच्या कामावर. प्रयोगशाळा सुरू करणाऱ्या जुन्या मॅडमनी वर्षभर त्यांना हाताखाली क्षार तोलताना पाहिलं आणि द्रावणं त्यांच्या हाती दिली. प्रयोगशाळेतल्या एका कपाटात आजवर शिकून गेलेल्या विद्यार्थ्यांचे प्रबंध ओळीने लावलेले आहेत. मी एकेक काढून पाहिला आहे. शेवटच्या पानावर मार्गदर्शकांचे आभार, आई-वडिलांचे आभार, दोन प्रबंधांत गणपतीचेही आभार आहेत. रामटेके हे नाव एकाही प्रबंधात नाही. 'प्रयोगशाळेतील कर्मचारीवृंद' एवढंच. ज्यांच्या हातच्या पाण्यावर यांचे मेंदू जगले, त्यांना नाव नाही. आणि हीच मंडळी पुढे परिसंवादात जात संपल्याचं सांगतात.

काका यावर चिडत नसत, आणि त्यांच्या न चिडण्याची मला चीड येई. ते फक्त टोमणा मारत. चेतापेशींच्या शेजारी दुसऱ्या पेशी असतात. सांडलेलं ग्लुटामेट त्या भराभर उचलतात; नाही उचललं तर तेच ग्लुटामेट चेतापेशींना उत्तेजित करकरून मारून टाकतं. शंभरेक वर्षं शास्त्रज्ञांना वाटत होतं की या पेशी म्हणजे निव्वळ डिंक, मेंदू चिकटवून धरायला. हे वाचलं तेव्हा काका खो खो हसले होते. "पाह्य! मेंदूत बी झाडणारे अलग. अन् पुस्तक लिहिणाऱ्याले थे दिसलेच नाईत. कुठचा होता गा हा शास्त्रज्ञ? सदाशिव पेठेतला?"

मग जुन्या मॅडम निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी नितीन सर आले.

शहर तेव्हा बदलत होतं, असं म्हणायची पद्धत आहे. शहर आपोआप बदलत नाही. कुणीतरी ते बदलतं, आणि कुणालातरी त्यातून काढून टाकतं. माझ्या बाबांच्या कारखान्याला टाळं लागलं आणि ते एका काचेच्या इमारतीच्या फाटकावर निळा गणवेश घालून लोकांच्या गाड्यांचे नंबर लिहू लागले. आमच्या संस्थेत 'व्हीआरएस' हा शब्द आला. स्वेच्छानिवृत्ती. ज्या गोष्टीत स्वेच्छा औषधालाही नाही, तिच्या नावातच ती घालायची, हा कावा ज्याने शोधला त्याचं मला कौतुक वाटतं. माळी गेला, सुतार गेला. काकांना दोनदा विचारून झालं, त्यांनी दोन्हीदा नम्रपणे "नको" म्हटलं. तिसऱ्यांदा विचारायला निमित्त हवं होतं.

परदेशातली एक औषध कंपनी आपल्या नव्या रसायनांच्या चाचण्या आमच्याकडून करून घेण्याच्या विचारात होती. त्यांची माणसं प्रात्यक्षिक बघायला येणार होती. आदल्या दुपारी सर फिरत फिरत शीतकपाटाशी आले. काका त्या दुपारी नव्हते; मुलीची, वैशालीची, हिंजवडीला मुलाखत होती, तिला सोडायला गेले होते.

"हे काय आहे?" सरांनी दोन बोटांनी लाल दोरा उचलून विचारलं.

मी सांगितलं. खूण आहे. तीस वर्षांची.

"अगं, प्रोफेशनल दिसायला नको का? देवळात आल्यासारखं वाटतंय. कापून टाक सगळे. प्रिंटेड लेबल्स लाव, सिंपल." सरांच्या स्वतःच्या मनगटाला लाल दोरा होता. मंदिरातला.

मी त्या मनगटाकडे पाहिलं. मला हसू आलं होतं, रागही आला होता, आणि काय बोलायचं ते वाक्य जिभेवर तयार होतं. पण माझ्या प्रकल्पावर त्यांची सही व्हायची होती. मी खिळ्यावरची कात्री घेतली आणि एकेक दोरा कापला. मॅग्नेशियम नसलेल्या सहा बाटल्या होत्या. मग मी दोन्ही प्रकारांच्या बाटल्यांवर संगणकातून काढलेली सुबक लेबलं चिकटवली. शाईच्या फवाऱ्याने छापलेली लेबलं. थंड बाटली बाहेर काढली की तिला घाम फुटतो आणि त्या घामाने अशी शाई उतरते, हे माझ्या लक्षात आलं नाही. काकांच्या आलं असतं. म्हणून तर ते दोरा बांधत.

सकाळी सरांनी स्वतःच प्रयोग मांडला. पाहुण्यांसमोर हात चालताना दिसले पाहिजेत. काका नेहमीच्या वेळेला आले तेव्हा सूट घातलेली तिघं आत शिरत होती. काकांची नजर बाटल्यांवर गेली, मग कचऱ्याच्या डब्यात गेली. डब्यात लाल तुकडे होते. ते पुढे झाले. सरांशी ते जपून, पुणेरी शुद्ध बोलत.

"सर, एक मिनिट. आपण कोणती बाटली घेतलीत?"

"रामटेके, चहा सांगा."

"सर, बाटली एकदा..."

"चार चहा. बिनसाखरेचा एक."

काका चहा सांगायला गेले. सर पडद्यासमोर उभे राहून कंपनीला आमच्या 'क्वालिटी'बद्दल सांगत होते. अर्ध्या तासात स्पीकरमधून एक कडकड ऐकू आली, मग दुसरी, आणि मग तव्यावर लाह्या फुटाव्यात तसा आवाज सुरू झाला. पडद्यावरची शांत रेघ उभी-आडवी नाचायला लागली. अजून कुठलंही रसायन घातलं नव्हतं. सगळ्या पेशी एकदम बोंबलत होत्या. बोळे नव्हते. मेंदूच्या त्या इवल्याशा कापाला मिरगी आली होती आणि पाहुणे एकमेकांकडे बघत होते. त्यांनी चहा मात्र घेतला.

तिसऱ्या दिवशी मीटिंग झाली. सर, प्रशासनाचे एक अधिकारी, काका आणि साक्षीला मी. आरोप असा, की रामटेके यांनी द्रावण चुकीचं बनवलं.

काका उभेच होते. "सर, द्रावण बरोबर होतं. दोन्ही बरोबर होती. बाटली चुकीची उचलली गेली. खुणेचे दोरे काढले होते, आणि लेबलाची शाई उतरली होती."

"दोरे कोणी काढले?" हे सरांनी विचारलं. सरांनी! तेही अगदी शांत, चौकशीच्या सुरात.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. चहाच्या वेळी एखादा प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत, तसं. मी टेबलाकडे पाहिलं. टेबलावरच्या काचेखाली मागच्या वर्षीचं कॅलेंडर होतं. मी त्याच्यातले रविवार बघत बसले.

"ते मी सांगणार नाही," काका म्हणाले. "ज्याला सांगायचं असेल तो सांगेल."

अधिकाऱ्यांनी दोन कागद पुढे केले: एक चौकशीचा, एक स्वेच्छानिवृत्तीचा. काकांनी दुसऱ्यावर सही केली आणि खिशातलं रीळ काढून टेबलावर ठेवलं. "संस्थेच्या खर्चातलं नाही," ते म्हणाले, "पण कामाला येईल." ते कुणी घेतलं नाही. संध्याकाळी झाडणाऱ्या बाईंनी टेबल पुसताना ते टाकून दिलं असावं.

त्या रात्री मला राग आला. फार उशिरा, पण भरपूर. मी एक पत्रक लिहिलं. त्यात सगळं होतं: जागतिकीकरण, कंत्राटीकरण, जातीयवाद, विज्ञानाचा बाजार. 'भांडवलाच्या ग्लुटामेटने श्रमिकांच्या पेशी जाळल्या जात आहेत' असं एक वाक्यही होतं, त्याचा मला अभिमान होता. बाबांनी ते बुधवार पेठेत छापून आणलं. मी ते कॉलेजांच्या फाटकांवर वाटलं, बसस्टॉपवर वाटलं, ज्यांना आमची संस्था कुठल्या रस्त्यावर आहे हेही माहीत नव्हतं त्यांना वाटलं. आणि एक प्रत घेऊन काकांकडे गेले.

ते मार्केट यार्डात मिरचीच्या एका गाळ्यावर कामाला लागले होते. पोत्यांच्या ढिगामागे स्टुलावर बसले होते, तोंडाला रुमाल बांधून. ज्या पोत्यातल्या मिरचीला ओल लागली होती त्याच्या तोंडाला लाल दोरा बांधलेला होता. नवं रीळ घेतलं होतं त्यांनी.

"ये पोरी. शिंक आली तर शिंक, लाजू नको. इथं सारेच शिंकतात."

मी पत्रक दिलं. त्यांनी ते सावकाश, बोट ठेवून वाचलं.

"ग्लुटामेट वाईट नाई," ते म्हणाले. "त्याच्याबिगर तुले हे वाचता बी नसतं आलं. न उचलता साठून राह्यलं का मंग जाळते. हे दुरुस्त कर."

"बाकी?"

"बाकी जोरदार हाये." त्यांनी कागद उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला. "खाली नाव कोणाचं हाये?"

खाली 'एक विद्यार्थिनी' असं होतं.

"बिनदोऱ्याची बाटली हाये हे. आत काय हाये, कोणाच्या हातचं हाये, मले कसं समजावं?"

"काका, तुम्ही मीटिंगमध्ये माझं नाव का नाही घेतलंत?"

"घेऊन काय झालं असतं? थे बी माह्यीच हाक झाली असती. एकच. एका हाकेनं कोणी उठत नाई, सांगितलं होतं ना तुले? दुसरी तुह्याजवळ होती." मग रुमाल खाली ओढून हसले. "जाऊ दे. चहा पेतं का? इथला चहा तिखट लागते."

तिथून निघताना मी ठरवलं होतं की सरळ संस्थेत जायचं आणि खाली नाव घालून लेखी द्यायचं. त्या आठवड्यात सरांची सही झाली. पुढच्या महिन्यात निकाल लागला. मग मला हिंजवडीतल्या एका कंपनीत नोकरी मिळाली, दुसऱ्यांचे शोधनिबंध वाचून त्यांचे सारांश करण्याची. लेखी द्यायचं राहिलं. राहिलं म्हणजे मी दिलं नाही. दोन वर्षं मी सगळ्यांवर संतापत होते: सरांवर, कंपन्यांवर, सरकारवर, बाबांच्या निळ्या गणवेशावर. इतक्या रागात माणसाला फार सुरक्षित वाटतं.

काका गाळ्यावरच पडले. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली होती. रक्त थांबलं की त्या झाडणाऱ्या पेशींचं बळ जातं, ग्लुटामेट साठत राहतं आणि पेशी हाका ऐकून ऐकून मरतात. हे मला त्यांनीच शिकवलं होतं. वॉर्डाच्या बाहेर बाकावर बसून मला आत काय चाललं असेल ते पायरीपायरीने कळत होतं. त्याचा काही उपयोग नव्हता.

काका गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम येरवड्याच्या विहारात झाला. वंदना झाली, मग एकेक जण काकांविषयी बोलायला उठला. गाळ्यावरचे हमाल आले होते, वस्तीतले लोक आले होते. तेव्हा मुलाखत दिलेली वैशाली आता संगणकाच्या कंपनीत नोकरी करत होती. ती पहिल्या रांगेत आईचा हात धरून बसली होती. नितीन सर पांढरा शर्ट घालून आले. त्यांनी फोटोला हार घातला आणि माईक हातात घेतला.

"रामटेके म्हणजे देवमाणूस," सर म्हणाले. देव न मानणाऱ्या माणसाविषयी, बुद्धाच्या मूर्तीसमोर. "तीस वर्षं सेवा केली. शेवटी त्यांच्या हातून एक चूक झाली, माणूस आहे, होते चूक. पण आम्ही ती कधीच मनात ठेवली नाही."

सभागृहात माना हलल्या. काकांच्या बायकोनेही मान हलवली. तिलाही तेच खरं वाटत होतं, हे मला तेव्हा दिसलं. नवऱ्याच्या हातून चूक झाली आणि साहेबांनी ती माफ केली. काकांनी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.

मी उठले. माईक माझ्यापर्यंत आला नाही, मी मागितलाही नाही.

"चूक त्यांच्या हातून झाली नाही," मी म्हणाले. "द्रावण बरोबर होतं. खुणेचे दोरे कापले गेले म्हणून बाटली चुकली. ती बाटली सरांनी उचलली. दोरे कापायला सरांनी सांगितलं."

"ही ती जागा नाही," सर हळूच म्हणाले. "आपण नंतर बोलू."

"जागा होती, सर. मीटिंगची. तिथे मी कॅलेंडर बघत बसले."

कुणीतरी "बसा, बाई" म्हणालं. मी बसले नाही. पहिल्या रांगेत वैशालीने मागे वळून पाहिलं. "तुम्ही कोण?" तिने विचारलं. "आणि दोरे कापले कोणी?"

दोन वर्षं मी पत्रकांच्या खाली काहीबाही लिहीत आले होते: एक विद्यार्थिनी, एक जागरूक नागरिक, आपले हितचिंतक. हा मजकूर पत्रक नव्हे. त्याच्याखाली काय असणार आहे ते त्या दिवशी मी विहारात मोठ्याने सांगितलं, आणि इथे पुन्हा लिहिते.

माझं नाव मुक्ता शिंगारे. दोरे मी कापले.